पोटातली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. स्वस्थ बसणे माझ्या नशिबात नाही. पोटात बुचाची गोळी आहे ना, ती सारखी खुळखुळते. मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "हिच्या आवाजाने उधळलेली घोडीसुद्धा थबकतील." घोड्यांचे माहीत नाही, माणसे थबकली खरी.

कारण मी पडले बाजाराच्या मुकादमाच्या गळ्यात. त्याला तरुणपणी कुणीतरी भोकाला मेण लावलेली बादली विकली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा मला फुंकू लागला. साऱ्या मालाचा भाव तोच फळ्यावर लिही. कुणी वेगळा भाव बोलला की फुर्रर्र! "माणूस मोकळा सुटला की लुबाडतो, नाहीतर लुबाडला जातो," असे तो म्हणे. लोक माना डोलावत. मीही तोऱ्यात चमके.

त्याची धाकटी बहीण तिथेच मोडक्या छत्र्या दुरुस्त करून विकायची. पण फळ्यावर नव्याजुन्या छत्र्यांना एकच भाव! मग जुनी घेणार कोण?

"दादा, माझा भाव मला ठरवू दे. गिऱ्हाईक काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तू गप गं! तुला काय कळतंय त्यातलं? आज काही खपलं नाही, तर गाशा गुंडाळायचा आणि माझ्या घरी येऊन बसायचं."

तिचा चेहरा उतरला. पण घरी बसणाऱ्यांतली ती नव्हे. तिने मोठ्याने आपलाच भाव पुकारला. मुकादमाने छातीत असा काही दम भरून मला फुंकले, की गोळी सुटली ती थेट समोरच्या टोपलीवाल्याच्या मिशीत! खोटे वाटत असेल, तर मिशीला विचारा.

मी मुकी झाले आणि बाजार मोकाट सुटला. बहीण छत्र्यांवर झारीने पाणी ओतू लागली. "आधी कोरडं राहून बघा, मग भाव बोला!" छत्र्या हातोहात खपल्या. पण पलीकडे एक बादलीवाला एका आजीबाईंच्या गळ्यात तशीच भोकाला मेण लावलेली बादली मारत होता. पोटात गोळी नव्हती, तरी माझ्या पोटात गोळा आला. मुकादमाने ते पाहिले. जिवाच्या आकांताने मला फुंकले. नुसती हवा! आणि ओरडायची सवय त्याला राहिली होती कुठे?

तेवढ्यात कान फाडणारी शिट्टी घुमली. बहिणीची दोन बोटे तोंडात होती! धावत जाऊन तिने नखाने मेण खरवडले. "बघा हो, बादली नव्हे, चाळण आहे ही!" लोक जमले, हसले. बादलीवाल्याने मुकाट्याने धड बादली काढून दिली.

मुकादम बघतच राहिला. "तुला शिट्टी येते?"

"लहानपणापासून. तूच गप्प बसवायचास."

गोळी मिशीतून निघाली, माझ्या पोटात परतली. पण आता मुकादम मला ओठांपर्यंत नेतो आणि थांबतो. छत्र्यांचा भाव त्याने फळ्यावरून पुसलाय. बादल्यांवर मात्र डोळा ठेवून असतो. त्याचा श्वास आत येतो, गोळी थरथरते, आवाज फुटत नाही. जीव नुसता टांगणीला!

तरी मित्रांनो, मला पुसून, जपून ठेवा, कधीतरी लागेनच. फक्त फुंकण्याआधी समोरच्याला एकदा विचारा, "काय रे, तुला शिट्टी येते का?"