हव्वाबाईची चूल

हनादी जेवत नाही, हे मला पहिल्यांदा हाजराबीनं सांगितलं.

विष्णुपुरीच्या रस्त्यावर मुलींचं एक खासगी वसतिगृह आहे. तिथं मी सात वर्षांपासून रेक्टर आहे आणि हाजराबी आमची मेस चालवते. नांदेडच्या इतवाऱ्यातली बाई, तोंडानं फटकळ. पण कोणत्या मुलीला आमटीत कांदा चालत नाही हेसुद्धा तिच्या ध्यानात असतं. त्या दिवशी भाकरी थापता थापताच म्हणाली, "मॅडम, वो सुदानवाली बच्ची चार रोज से थाली वापस कर रही. मैंने पूछा तो बोली, भूक नहीं. जवान लडकी को भूक नहीं होती क्या?"

हनादी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती. सुदानातल्या दारफूर भागातलं अल-फाशर हे तिचं गाव. उंच, शांत मुलगी. आल्या दिवशी ज्वारीची भाकरी बघून तिनं ती आधी हुंगली होती आणि हसून म्हणाली होती, "ये तो हमारा अनाज है." तीन वर्षांत हिंदी शिकली, तीही इथली नांदेडी हिंदी. तिच्या गावाला वर्षभरापासून बंडखोर फौजेचा वेढा पडलाय, आत काही जाऊ देत नाहीत, एवढं मी पेपरात वाचलं होतं. ऑफिसात बोलावून मी तिची चौकशी केली. "आई बरी आहे, मॅडम," एवढंच म्हणाली. मीही पुढं विचारलं नाही. खरं सांगायचं तर, पुढं विचारायची मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात लातूरजवळच्या मुरुडहून माझी माय आली होती. नागुबाई तिचं नाव, वय बासष्टच्या आसपास. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही असं बजावलेलं. त्यामुळं ती काळा चष्मा लावून दिवसभर मेसच्या ओसरीत बसून असायची. दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, "अगं, ती उंच पोरगी ताट सारून कामून उठायली?"

मी सांगितलं. मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. तिनं लातूरवर एक बोट ठेवलं, दुसरं समुद्राच्या पलीकडं, आणि मधल्या निळ्या पाण्याकडं बघत राहिली.

"मग तिची माय काय खायली?"

चार दिवस मी त्या मुलीची काळजी करत होते. पण हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

दुपारी माय दोन जिने चढून हनादीच्या खोलीत गेली. मी मागून धावले. तोवर ती तिच्या पलंगावर बसलीही होती.

"तुझी माय काय खायली गं सध्या?"

हनादीनं माझ्याकडं पाहिलं. मी हिंदीत सांगायला लागले, पण तिला ते कळलं होतं. ती नखं कुरतडू लागली. मग म्हणाली, "अंबाझ." आम्हाला समजलं नाही हे बघून, खाली मान घालून तिनं हिंदीत सांगितलं. शेंगदाण्याचं तेल काढून घेतल्यावर घाण्यात जे उरतं ते. बकऱ्यांना, गाढवांना घालतात.

"पेंड," माय म्हणाली.

लातूरच्या तेल गिरण्यांबाहेर रचलेल्या पेंडीचा वास मी लहानपणापासून ओळखते. आमच्या म्हशीला दूध काढताना पुढ्यात भिजवलेली पेंड लागायची. तो वास एकदम माझ्या नाकात भरला.

"कुणाला सांगू नका," हनादी ओढणीत तोंड लपवून म्हणाली. "माझी आई शाळेत शिकवायची. आमच्या घरी पाहुणा जेवल्याशिवाय जात नव्हता. लोक म्हणतील, यांनी जनावरांचं खाल्लं."

मायनं काळा चष्मा काढला. मी नको म्हणेपर्यंत तिनं तो उशाला ठेवला होता.

"लेकरा, आमी बी जनावरांचं खाल्लंय," ती म्हणाली.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. दुष्काळाच्या गोष्टी माझ्या लहानपणी घरात निघायच्या, पण त्या पाण्याच्या, टँकरच्या. मायनं त्या दिवशी जे सांगितलं ते तिनं पन्नास वर्षं पोटात ठेवलं होतं.

"बहात्तर साल. मी नऊ वर्साची आन माझा भाऊ भीमा सहाचा. माय-बाप तलावाच्या कामावर खडी फोडायचे. दाना कुटंच न्हवता. मग रेशनला लाल जवारी आली. मिलो मनायचे तिला. भाकर करावी तर तव्यावरच फुटायची, घशाखाली उतरायची न्हाई. गावातले मोठे लोक हसायचे. मनायचे, ही तिकडं अमेरिकेत डुकरांना घालत्यात. माझा बाप भाकर हातात घेऊन रडलेला मी बघितलाय. पर माझी माय काय मनली ठाव हाय? मनली, ज्यानं पाठविली त्याला आपलं नाव ठाव न्हाई, गाव ठाव न्हाई, तरी पाठविली. खा. आन आमी खाल्ली मनून मी आज हितं बसले. त्यात लाज कशाची? लाज वाटावी ती दाना आडवनाऱ्याला."

मी तुटक तुटक हिंदी करून सांगत होते. मधेच हनादीनं मला हातानं थांबवलं. तिला भाषांतर नको होतं. ती मायच्या तोंडाकडंच बघत होती.

मायनं जिन्यावरून हाक मारली, "हाजराबी, एक भाकर आन गं वर!"

हाजराबी गरम भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन स्वतः वर आली. मायनं तुकडा मोडला आणि हनादीच्या हातात दिला. "तू उपाशी ऱ्हायलीस तर तिचं पोट भरतंय का? तिकडं ती एक उपाशी, हितं तू दुसरी. कामाला कोन यायचं मग तिच्या?" हनादीनं तुकडा तोंडात घातला. रडत रडत तिनं ती भाकरी संपवली, आणि हाजराबी दुसरी आणायला न सांगताच खाली गेली.

दोन दिवसांनी सकाळी हनादीच्या मोबाईलवर तिच्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. हव्वा तिचं नाव. त्या गावात फोन बंद. एका ठिकाणी उपग्रहाचं इंटरनेट मिळायचं आणि तिथं रांग लावून लोक निरोप पाठवायचे. हनादी मोबाईल घेऊन ओसरीत आली आणि मायच्या शेजारी बसून तिनं तो आवाज लावला. ठाम, जरा घोगरा आवाज. मला एकही शब्द कळत नव्हता. पण एखाद्या बाईनं कामाच्या गडबडीत पदर खोचून बोलावं तसं ते बोलणं होतं.

हनादी थांबत थांबत सांगू लागली, मी मायला मराठी करून देत होते. शाळा बंद पडल्यापासून हव्वा आणि शेजारच्या चार बाया शाळेच्याच अंगणात चूल पेटवतात. ज्याच्याकडं जे असेल ते आणतात आणि त्या शिजवून वाटतात. दोनशेच्या वर लेकरं येतात. गेला आठवडाभर पातेल्यात फक्त अंबाझ होता. काल कुठून तरी पोतंभर ज्वारी मिळाली, तिचा घट्ट घाटा केला. लेकरांनी बोटं चाटली. शेवटी हव्वानं विचारलं होतं, परीक्षा कधी आहे? जेवतेस ना वेळेवर?

मायनं मला पुन्हा विचारलं, जणू मी चुकीचं सांगत होते. "सोता पेंड खायली, आन दोनशे लेकरांची चूल पेटवायली?"

"हाव, माय."

तिनं दोन्ही हात जोडले. समोर देव नव्हता, बुद्धमूर्ती नव्हती, पाटावर ठेवलेला एक मोबाईल होता, काच तडकलेला. विहारात वंदना घेताना जसे तिचे डोळे मिटतात तसे मिटले. हाजराबी पिठाचे हात तसेच धरून दारात उभी होती. मला त्या वेळी जे वाटलं त्याला दया म्हणता येणार नाही. दया आपण वरून खाली बघून करतो. मी मान वर करून बघत होते.

बुद्धपौर्णिमेच्या आधी मायनं हनादीला आणि मला मुरुडला नेलं. आमच्या वस्तीत दरवर्षी विहारात खीर आणि भोजनदान असतं, आसपासची माणसं येतात. तयारीच्या बैठकीत माय उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा जेवन नको. त्याचे पैशे हव्वाबाईच्या चुलीला देऊ."

मग गोंधळ झालाच. भीमामामा सगळ्यात मोठ्यानं बोलला. तो एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, मायपेक्षा लहान, पण सभेत त्याचा शब्द चालतो. "आक्का, आपल्याच गावात कोन उपाशी हाय का बघ आदी. सातासमुद्रापल्याडची काळजी आपुन कामून करायची? आपन काय सरकार हावोत का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चार-पाच बायांनी माना डोलावल्या.

माय म्हणाली, "गावातल्याला आपुन देतोच, देत ऱ्हाऊ. पर भीमा, सुजातानं खीर दिली ती वळखीच्या मानसाला दिली का? झाडाखाली एक वाळलेला मानूस दिसला, दिली. आन बहात्तरला आपल्याला ज्यांनी धाडलं, त्यांच्या गावात काय समदे पोटभर जेवत होते?"

मागं चटईवर हनादी डोक्यावरून ओढणी घेऊन बसली होती. मामा तिच्याकडं बघत राहिला. मग एकदम दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "कामावर लेकरांना खायला सुकडी वाटायचे, आठवतंय आक्का? मला दोन मुठी मिळायच्या. एक तू काढून घ्यायचीस."

"घ्यायची न्हाई, मायसाठी ठिवायची."

बाया हसल्या. मामाही हसला, पण डोळे पुसत. "बरं, धाडा," तो म्हणाला. "पर लेकरांना खीर झालीच पायजे. त्यांनी काय पाप केलं?"

लेकरांपुरती एका पातेल्यात खीर झाली. बाकीचं सगळं गेलं. इकडं हाजराबीनं इतवाऱ्यात गल्लीतल्या बायांना सांगितलं, त्यांनीही दिलं. कैरोत राहणाऱ्या हनादीच्या मामानं ते पुढं पोचवायचं पत्करलं. मग नऊ दिवस काहीच कळलं नाही. मला वाटलं, बुडालं मधेच कुठं तरी.

दहाव्या दिवशी, माय डोळे दाखवायला नांदेडला आली असताना, छोटासा व्हिडिओ आला. मोठं काळं पातेलं, त्यावर वाफ, लाकडी उलथणं. रांगेतली लेकरं, प्रत्येकाच्या हातात काही ना काही: वाटी, डबा, अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली. हव्वा दिसत नव्हती, कारण व्हिडिओ तीच काढत होती. ती लेकरांना काहीतरी सांगत होती, आणि मधेच आम्हाला ओळखीचा शब्द ऐकू आला. "नागूबाय."

"काय मनली ती?" मायनं विचारलं.

हनादीनं सांगितलं, "ती म्हणते, आज तुम्हाला नागूबायच्या गावानं जेवायला बोलावलंय."

मायनं मुरुड, लातूर आणि नांदेड यापलीकडं कधी गाव पाहिलं नव्हतं. तिचं नाव रेशनकार्डावरही नीट लिहिलेलं नाही. त्या नावाचा उच्चार त्या अंगणात झाला होता आणि एका लेकरानं हसून तो पुन्हा केला होता.

ही गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. ऑक्टोबर संपता संपता ते गाव वेढा घालणाऱ्यांच्या हाती पडलं. पेपरात जे आलं ते मी हनादीला वाचू दिलं नाही, पण तिनं वाचलंच. तेवीस दिवस हव्वाचा पत्ता नव्हता. त्या तेवीस दिवसांत हनादीनं एकही ताट परत केलं नाही. कोरड्या डोळ्यांनी, औषध घ्यावं तशी ती जेवायची. मुरुडहून रोज सकाळी मायचा फोन यायचा. "लागला का गं पत्ता?" मी नाही म्हणायचे. ती फोन ठेवायची.

चोविसाव्या दिवशी, मी स्टोअरमध्ये तांदळाची पोती बघत असताना, हनादी अनवाणी धावत आली. तिच्या मोबाईलवर हव्वाचा आवाज होता, पण आता फार थकलेला. हव्वा दूरच्या तवीला नावाच्या गावी पोचली होती, चालत. बरोबर शेजारची सात लेकरं होती, ती सातही पोचली. चुलीवरच्या चार बायांपैकी दोघी पोचल्या नाहीत. तिथं उघड्यावर लाखो माणसं आहेत. परवा तीन दगड मांडले, ती म्हणाली. काल चूल पेटवली.

मी तिथूनच मायला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. हनादी सांगत गेली, मी मराठी करत गेले. निरोप संपला असं मला वाटलं, पण हनादी म्हणाली, "अजून आहे." आणि ती अडखळली.

सप्टेंबरात आमच्याकडं अतिवृष्टी झाली होती. मायच्या दोन एकरांत उभ्या सोयाबीनमध्ये कमरेएवढं पाणी साचलं होतं. वेढा असतानाच कधी तरी हनादीनं तिच्या आईला ते कळवलं होतं. मला ठाऊकही नव्हतं.

"आई विचारते," हनादी म्हणाली, "नागूबायच्या शेतातलं पाणी ओसरलं का?"

हाजराबी माझ्या मागं येऊन उभी होती, तिनं हळूच "या अल्लाह" म्हटलं.

मग मायचा आवाज आला, फार हळू, जणू ती कुणाच्या झोपलेल्या लेकराजवळ बसून बोलत होती.

"सांग तिला, ओसरलं मनावं. समदं ओसरलं. आन तिला विचार गं, लेकरांना वाढून झाल्यावर ती सोता जेवली का."