जागा शिल्लक नाही

“बाबा, लाल पट्टी दिसून राहिली का?” पुण्याहून कुलदीपने विचारलं. फोन स्पीकरवर होता.

“दिसून राहिली,” जानराव म्हणाले.

“म्हंजे डिस्क फुल हाय. म्हून कॅमेरा बंद पडला. जुनं सारं डिलीट करा.”

समोर बसलेल्या जुन्या दोस्ताने, देवमनने, दोन्ही हात हलवून ‘नको, नको’ केलं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, त्यामुळे विरोध मुका होता.

जानराव अकोल्याच्या स्टँडवर एस.टी.चे कंट्रोलर होते. लोकांना गावोगावी पाठवण्यात सारी नोकरी सरली. स्वतः ते घरी पोचले तेवढेच. बायको आशाबाई न्हाणीत पडल्या तेव्हा जानराव भाजीबाजारात होते. ते परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर कुलदीपने हॉलच्या भिंतीवर कॅमेरा बसवला आणि त्याचं चित्रण घरच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं.

कॅमेरा नुसता बघत नव्हता, बोलतही होता. पहिल्याच आठवड्यात भिंतीतून कुलदीपचा आवाज आला, “देवमनकाका, बाबाच्या बीपीले खर्रा चालत नाही.” उभ्या नोकरीत तिकीट तपासणाऱ्यांना न घाबरलेला देवमन कंडक्टर त्या दिवशी चप्पल हातात घेऊन बाहेर पडला. त्यानंतर तो फाटकापाशीच उभा राही.

“ये नं आत,” जानराव म्हणत.

“नाई बावा. तुह्या घरात माह्यी शूटिंग होते.”

मग गेल्या आठवड्यात डिस्क भरली, कॅमेऱ्याचा डोळा मिटला आणि देवमन पुन्हा खुर्चीत आला.

आता जानरावांनी फोल्डर उघडलं. एका फाइलमध्ये जानराव बसले होते. दुसरी उघडली; तीतही बसलेलेच. तिसरीत एकदा उठून पंखा बंद करून परत बसले होते. त्यातल्या त्यात तोच थरार. एवढी मोठी डिस्क एका माणसाच्या बसण्याने भरली होती, आणि तो माणूस अंगाने अगदीच किडमिडीत होता.

त्यांनी सगळं निवडून डिलीट केलं. पट्टी लालच राहिली. जानरावांना हायसं वाटलं.

“नाई जमून राहिलं रे.”

“रिसायकल बिन रिकामं करा, बाबा. तिथं जाऊन पडलं ते.”

“असू दे नं पडलेलं. स्टँडवर सापडलेली थैली बी आमी लगेच फेकत नव्हतो. मालक येते कधी कधी.”

“त्याच्यात तुमीच तं हाय! कोन येनार हाय न्याले?”

देवमनला हसू आलं, पण त्याने ते खर्र्यामागे दाबलं.

“काहून घाई करतं?” जानराव म्हणाले. “दिवाळीत येशीन तवा कर.”

मग कुलदीपचा आवाज आला, तो एकदम लहानपणचा.

“बाबा, आठ दिवस झाले तुमी दिसले नाही. मले हापिसात बसवत नाही. आई पडली तवा बी कोनी पाहत नव्हतं.”

देवमन हळूच उठला, खुर्ची होती तशी सरकवली आणि बाहेर गेला. फाटकाची कडी वाजू नये म्हणून त्याने ती धरून लावली.

जानरावांनी बिन रिकामं करायचं बटण दाबलं. पट्टी निळी झाली. थोड्या वेळाने भिंतीवर कॅमेऱ्याचा दिवाही लागला.

“हां, दिसून राहिले!” आता आवाज भिंतीतून आला. “वा बाबा, सगळी जागा मोकळी झाली.”

“हो.”

“टेबलावर दुसरा कप कोनाचा?”

जानरावांनी कप ओढून घेतला. तळाशी घोटभर थंड चहा होता. तो त्यांनी पिऊन टाकला.

“माह्याच हाय,” ते म्हणाले. “दोनदा पेलो.”