पात्यावरची विभूती

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या वर्कशॉपात शैलश्रीइतकं चोख काम कुणाचं नाही, असं मिस्त्री धम्मानंद स्वतः म्हणायचा, आणि हा माणूस कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस. खड्यांचा मारा करून लोखंड खरखरीत करायचं, हे तिचं काम. मग धम्मानंद त्यावर ज्वालेतून पावडर मारायचा. निकेलमध्ये टंगस्टन कार्बाइडचे कडक कण मिसळलेला तो लेप नीट बसला, की बॉयलरच्या धुरातल्या राखेनं झिजणारं पातंसुद्धा चार हंगाम टिकायचं.

त्या सकाळी त्यानं गिऱ्हाइकाकडून परत आलेला एक दांडा तिच्यापुढं ठेवला. नखानं उचकटला तसा लेपाचा पापुद्रा सुटून हातात आला.

"खाली धूळ राहिली होती," तो म्हणाला.

"पण कोरडीच न्हवं, अण्णा? तेलाचा हात तर न्हाई लागला."

"कोरडी असली म्हणून काय झालं? लेप धुळीवर बसतोय, लोखंडावर न्हाई. चिमूटभर धूळ पुरती."

शैलश्रीनं तो पापुद्रा बोटावर उलटून पाहिला.

चारच दिवसांपूर्वी साखर कारखान्याच्या बॉयलरचा पंखा इथून लेप लावून गेला होता. माणसाच्या उंचीचा, आठ पात्यांचा. त्याच्या शेजारी उभं राहून तेलपाणी बघायचं काम तिच्या धाकट्या भावाचं, श्रीशैलचं. त्याच्या आधीच्या माणसाचा हात असाच एक पंखा फुटून गेला होता. म्हणून धम्मानंद चहाला गेल्यावर तिनं मारा केलेल्या पात्यांवर विभूती लावली होती. हातमोजे घालून, बरं का. राख तर कोरडी असते, असा तिचा हिशेब. बाई एरवी हुशार, पण मायेपुढं हुशारीचं काही चालत नाही.

तिनं कोपऱ्यात जाऊन भावाला फोन लावला.

"पंखा चालू झाला काय रे?"

"कवाच. जरा थरथरायलाय. नुकताच जोडलाय, बसंल हळूहळू."

"तू आधी तिथून बाजूला हो."

"कामून? जागा सोडली तर साहेब बोलतील. कारण तर सांग."

पापुद्रे कमी-जास्त सुटले की पंख्याचा तोल जातो, ही थरथर त्याचीच, हे तिनं ओळखलं. पण तिला कारण सांगता येईना. सांगावं तर नोकरी जाणार, बॉयलर थांबला की अख्खं गाळप बंद, आणि सगळ्या हुमनाबादेत नाव निघणार. तिनं फोन ठेवला. आपण एवढा वेळ स्वतःच्या नोकरीचा विचार करतोय, याचीच तिला लाज वाटली, आणि ती तशीच धम्मानंदसमोर जाऊन उभी राहिली. सगळं एका दमात सांगितलं.

तो रागावला नाही. त्यानं कारखान्याच्या इंजिनिअरला फोन लावून पंखा बंद करायला लावला. मग फोनवर हात ठेवून विचारलं, "किती पात्यांना?"

"आठी. फिरताना सगळीच त्याच्या म्होरून जात्यात."

धम्मानंदचा चेहरा उतरला. बटण दाबलं तरी तो पंखा दहा मिनिटं गरगरत राहतो, हे तिलाही ठाऊक होतं. "सगळ्यांना बाहेर काढा," तो फोनवर ओरडला. पलीकडून कसलासा मोठा आवाज आला आणि फोन तुटला.

तिनं श्रीशैलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सहा वेळा तसंच झालं. धम्मानंदनं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. भाऊ गेला, असंच तिच्या मनानं धरलं.

सातव्या वेळी त्यानं उचलला.

"अक्का, वाचलो बघ. बाहेर पळालो आन् बेअरिंग फुटलं. पत्रा फाडून पंखा बाहेर आला. मी उभारतो तिथली भिंत पडलीया." तो धापा टाकत होता. "पात्यांचे पापुद्रे निघालेत, साहेब म्हणायलेत. असलं काम कुणी केलं असंल गं?"

"मी," शैलश्री म्हणाली. "तुला काय हू नये म्हणून."