सासऱ्यांचा आरसा

सासरे चौथ्या शोरूममध्ये चौथ्या गाडीखाली आडवे झाले, तेव्हा जावयाने कपाळाला हात लावला. बाहेर त्यांचे नुसते बूट दिसत होते. हातात बॅटरी आणि दांडीला लावलेला छोटा आरसा. गिअरच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी याच आरशाने माल तपासला होता. मग बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून म्हाताऱ्याचा एकच हेका: गाडी घेईन तर अस्सल देशी.

घरची जुनी गाडी मोडीत निघाल्यापासून, या हेक्यापायी जावई चार महिने सासूबाईंना आठवड्यातून तीनदा आपल्या मालवाहू टेम्पोतून डायलिसिसला नेत होता. टेम्पोची पायरी ही एवढी उंच. परतताना सासूबाईंच्या अंगात त्राण नसायचं. जावई खालून उचलायचा, सासरे वरून ओढायचे. काल त्या पायरीवरून घसरल्या आणि नडगी सोलवटून घेतली. आता मात्र जावयाचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

"कंपनी आपलीच आहे हो, काका," विक्रेता बुटांकडे बघत म्हणाला.

"नाव आपलं!" गाडीखालून आवाज आला. "पंप बाहेरचा. वायरी बाहेरच्या. गिअरबॉक्सवर तर शिक्काच परका. जावईबापू, यात आपलं आहे तरी काय? रंग?"

"बाबा, तुम्हाला हवी तशी गाडी आता कुणीच बनवत नाही!" जावई ओरडलाच. "दहा देशांतून भाग येतात, इथे नुसते जोडतात. किती गाड्यांखाली झोपणार आहात?"

"मी तपासनीस आहे."

सासूबाई इतका वेळ पट्टी बांधलेला पाय पुढे करून खुर्चीत बसल्या होत्या. "अहो तपासनीस," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं माझं रक्त ज्या यंत्रातून फिरतंय, त्याचा शिक्का बघितलात का कधी?"

बूट हलायचे थांबले. विक्रेत्याने उगाच टाय नीट केला.

"पहिल्याच दिवशी बघितला."

"मग बोलला नाहीत ते?"

"काय बोलू? तुझ्या तोंडावरची सूज उतरत होती."

सासरे कण्हत बाहेर आले. आरसा दुमडून त्यांनी खिशात ठेवला, मागचं दार उघडलं आणि सीटची उंची आपल्या गुडघ्याशी लावून बघितली.

"दार याहून जास्त उघडत नाही का?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं. "हिला फार वाकवत नाही."