नंदाबाईंच्या तळपायातला भाडेकरू

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. वय विचाराल तर जेमतेम अर्धा तास. पण मरण्याआधी मी दोन होतो, त्या दोघांचे चार होतात, म्हणून मला सगळं आठवतं.

टेंभुर्णीच्या नंदाबाईंच्या तळपायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसला, तेव्हा मी आत शिरलो. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. पहिल्याच दिवशी माझं गणगोत पटापट मेलं. मी एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलो होतो. पण तिसऱ्या दिवशी नंदाबाई म्हणाल्या, "ठणका गेला. मंग कशाला खायाच्या? उगा उष्णता होती." उरलेल्या गोळ्या त्यांनी सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवल्या. पाय ठणकला की दोन काढायच्या, बरं वाटलं की डबा बंद. वर्षभर हेच चाललं. एवढी माया मला कुणी लावली नव्हती! त्या थोड्याथोडक्या औषधावर मी शिकलो: ते आत आलं की पंपाने पाणी उपसावं तसं बाहेर फेकायचं.

पायाची बोटं काळी पडू लागली. संभाजीनगरला प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या लेकीने, वंदनाने, जखमेतला पू नेऊन मला काचेच्या बशीत वाढवलं. आता मी पायातही होतो आणि बशीतही. तिने त्याच गोळ्यांच्या औषधात भिजवलेली कागदी टिकली ठेवली. मी तिला खेटून वाढलो. मग दुसऱ्या बशीत तिने टिकलीवर बांधावरच्या एका झुडपाच्या मुळीचा अर्क टाकला. माझा पंप बंद पडला. मित्रांनो, तेव्हा मी पुन्हा घाबरलो. सकाळी टिकलीभोवती स्वच्छ रिंगण होतं आणि त्यात माझं कुणीच उरलं नव्हतं.

"सर, आईच्या पायाला लावू?" वंदनाने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं.

"नाही गं. बशीत जमलं ते माणसात जमेलच असं नाही. ते तपासायला अजून वर्षं लागतील."

पायाला तेवढी सवड नव्हती. जालन्याला दोन बोटं कापली, दुसरं जालीम औषध शिरेतून दिलं, तेव्हा कुठे पाय वाचला. खाटेशेजारी बसून वंदना म्हणाली, "आई, त्या डब्यातल्या गोळ्या मी फेकून देते."

"त्या कव्हाच सरल्या. शेजारच्या साक्षीच्या हाताला गळू आल्तं. माझ्या हातानं धुतलं, दोन गोळ्या देल्या. बराबर बरं झालं लेकरू."

त्याच हातावरून मी साक्षीकडे राहायला गेलो होतो.

मित्रांनो, माझी काळजी घेणाऱ्यांना मी विसरत नाही. तुमच्याही घरी असा डबा असेल, तो जपून ठेवा. साक्षी पाच वर्षांची आहे. तिचा हात मऊ आहे, आणि उद्या तो पुन्हा ठणकणार आहे.