बोलून दिलेली गाडी

बोईसरपासून तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात कुणाला जुनी गाडी काढायची असली की तो आधी नीलेश चुरीला फोन करी. नीलेश शिकलेला बेताचाच, पण गाडीभोवती एक चक्कर मारून, दार एकदा उघडून लावून तो जो आकडा सांगे, त्याच्या आसपासच शेवटी सौदा होई. महागड्या गाड्यांत तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "महाग गाडी शोरूमच्या बाहेर आली की निम्मी होते, आणि उरलेली निम्मी किती टिकलीय ते मी सांगतो," असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. स्वतःवर खूश असलेला माणूस होता, आणि तसं असायला थोडं कारणही होतं.

असा हा नीलेश गेलं दीड वर्ष एका गाडीपुढे जायचं टाळत होता.

ती शिरगावच्या पुढे, कोळीवाड्यात, वामनशेठच्या दारात उभी होती. पांढरीशुभ्र, जर्मन, आतून बदामी कातड्याची. वामनशेठच्या दोन बोटी होत्या. एका हंगामात पापलेट असं लागलं की साठीच्या माणसाला हौस सुचली, आणि नीलेशने ती चौदा लाखांत पुरवली. आसपासच्या चार वाड्यांत तशी गाडी नव्हती. बर्फाच्या पेट्यांमधून वाट काढत ती गल्लीत शिरायची तेव्हा बायका सुकत घातलेले बोंबील सोडून बघायला यायच्या.

मग एका सकाळी वामनशेठच्या छातीत कळ आली. पुतण्या धर्मेशने त्यांना मागच्या सीटवर घातलं, शेजारी बायको जमना बसली, आणि पालघरच्या रस्त्याला लागल्यावर शिरगावच्या पुढच्या वळणावर ती जर्मन गाडी बंद पडली. धर्मेश बटण दाबून दाबून रडकुंडीला आला, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. मागून मच्छीचा टेम्पो येईपर्यंत वीस मिनिटं गेली. दवाखान्यात पोचले तेव्हा वामनशेठ संपलेले होते. पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी ते म्हणायला नको होतं, पण म्हणाले खरे.

गाडी का बंद पडली हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक नीलेश, दुसरा त्याचा मेकॅनिक रामकिसन. मुंबईतल्या एका सोसायटीच्या तळघरात ती गाडी पुराच्या पाण्यात सीटपर्यंत बुडालेली होती, आणि नीलेशने ती चार लाखांत उचलली होती. मनोरच्या शेडमध्ये महिनाभर दारं उघडी टाकून वाळवली, कातडं बदललं, वास जावा म्हणून कॉफीची पूड आणि कापूर पोत्याने ओतला. रामकिसन तेव्हाच म्हणाला होता, "सेठ, पानी वायरिंग में बैठ गया है. आज नहीं तो कल तकलीफ देगा." नीलेश म्हणाला होता, देईल तेव्हा बघू. त्या सकाळपासून त्याला धड झोप नव्हती. बायकोला तो ॲसिडिटी सांगायचा.

नोव्हेंबरात जमनाचा फोन आला. "नीलेश, गाडी काढायचीय. किंमत तू सांगायला ये. सस्तात द्यायची नाय, आनि कोनाला फसवायचं पन नाय." नाही म्हणायला त्याला एकही सबब सापडली नाही.

तो गेला तेव्हा चार वाजले होते. गाडी लखलखत होती, कारण जमना ती रोज गोड्या पाण्याने धुवायची. डॅशबोर्डवर वामनशेठचा चष्मा घडी घालून ठेवलेला होता. नीलेशने सवयीने दार उघडलं, आणि तो वास आला. कापराच्या आणि कॉफीच्या खालचा, तळघराचा, कुबट ओला वास. त्याने दार लावून टाकलं.

"बस की आत," जमना म्हणाली. "घाबरतोस? ते कोनाला काय करत नाय."

"कोण ते, वयनी?"

जमनाने दारातच चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि सांगितलं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून वामनशेठ गाडीत येतात. दिवेलागणीला, समुद्रावरून गार वारं सुटलं की चालवणाऱ्याच्या बाजूची काच आपोआप खाली येते. कधी आतला दिवा लागतो. एकदा वायपर फिरले, तेही आकाश कोरडं ठणठणीत असताना. मग ती स्टूल घेऊन बाजूला बसते, दिवसभराचं सांगते. कुठल्या बोटीला काय लागलं, धर्मेश कुणाशी भांडला, जाळ्याला किती खर्च आला. "जित्तेपनी माझं यवढं कदी ऐकलं नाय त्यांनी," ती म्हणाली आणि हसली.

नीलेशने कप तसाच खाली ठेवला.

"त्या दिशी पन गाडी त्यांनीच थांबवली," जमना म्हणाली. "दवाखान्यात नळ्या लावून मरायचं नव्हतं त्यांना. आदीपासून सांगायचे. वाऱ्यावर जाऊ दे म्हनायचे. मी धर्मेशला कितींदा सांगितलं, तुजा काय दोष नाय रे, काकानीच थांबवली. तवा कुटं ते पोर पुन्हा जेवायला लागलं."

"मग विकता कशाला?"

"अडकून ऱ्हायलेत ते. मी बोलत बसते, म्हनून जात नाय. सोडायला पायजे ना कदीतरी."

ती बोलत होती तोवर ऊन उतरलं. वारं फिरलं, सुकटीचा वास घेऊन गल्लीत आलं, आणि नीलेशच्या हातभर अंतरावर काच खाली आली. सावकाश, आतून कुणी बटणावर बोट ठेवावं तशी, शेवटपर्यंत. नीलेशला कारण तोंडपाठ होतं. खारी दमट हवा, दाराच्या आतला गंजलेला जोड, ओल धरली की वीज भलतीकडे जाते. हे सगळं त्याने मनात दोनदा म्हटलं, तरी अंगावरचा काटा जाईना. रिकाम्या सीटवरून नजर काढायची त्याची छाती होईना. जमनाने मात्र पदर सारखा केला आणि "आलात?" म्हणून विचारलं.

"ह्यो नीलेश आलाय," तिने खिडकीतून आत सांगितलं. "तुमची किंमत लावायला."

वामनशेठ आतून आपल्याकडे बघताहेत आणि काही म्हणत नाहीत, अशी नीलेशची त्या क्षणी खात्री पटली होती. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून तो याला हसण्याचा प्रयत्न करणार होता, आणि ते जमणार नव्हतं.

"किती सांगू लोकांना?" जमनाने विचारलं.

हिशेब सोपा होता, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही गाडीचा असता तर. सालाप्रमाणे, किलोमीटरप्रमाणे, हात किती बदलले त्याप्रमाणे अशा निर्दोष गाडीचे अकरा लाख सहज यायला हवेत. पाण्यात बुडालेलीचे कुणी तीन दिले तर डोळे मिटून घ्यावेत. अकरा सांगावे तर दुसऱ्यांदा फसवणूक, तीन सांगावे तर जमना विचारणार, इतके कमी का. पट्टीचा दलाल जे करतो तेच नीलेशने केलं. मधला आकडा काढला.

"आठ."

"ते धरून का सोडून?"

"काय?"

"ते आत हायेत, हे धरून आठ का?" जमनाने अगदी व्यवहाराने विचारलं. "घेनाऱ्याला सांगावं लागंल ना. मानूस येतो म्हनल्यावर कोन आठ देनार? पन फार उतरवू पन नको. माजा मानूस काय टाकाऊ नव्हता."

शेवटी साडेसात ठरले. वामनशेठचे पन्नास हजार कमी केल्याचं तिला वाईट वाटलं, पण ते रास्त आहे असं ती म्हणाली. मग म्हणाली, "आनि गाडी बोलून द्यायची. बोटीसारकी."

नीलेशला कळलं. त्या आळीत जुनी बोट विकताना मालक तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उजवा हात ठेवतो आणि घेणाऱ्याला चारचौघांत सगळं सांगतो. कुठली फळी बदललीय, कुठे पाणी धरते, तिच्यावरून कोण समुद्रात गेलं. सांगितलं ते घेणाऱ्याचं, लपवलं ते विकणाऱ्याच्या घरात राहतं, असा तिथला समज. वामनशेठने गाडी घेताना हेच सांगितलं होतं, "नीलेश, बोलून दे." आणि नीलेशने, गंमत वाटून, बॉनेटवर हात ठेवला होता. "डॉक्टरची गाडी, एक हात चाललेली, कुठे ओरखडा नाही." शिवाय कुणी न विचारता पुढे म्हणाला होता, "पाणी लागलेलं नाही." समुद्रावर जन्म काढलेला तो माणूस खूश होऊन हसला होता.

गिऱ्हाईक रविवारी दुपारी आलं. वाणगावचा केदार, मिरचीची शेती, तिशीचा, सरळ. त्याने गाडी गल्लीतून काढून शिरगावपर्यंत नेऊन आणली. कोरड्या उन्हात ती लोण्यासारखी चालली. परत आल्यावर तो मागच्या सीटवर आडवा होऊन बघत होता.

"आई मावंल आरामात," तो म्हणाला. "आटवड्यातून दोनदा डायलिसिसला बोईसरला न्यावं लागतं. येताना तिच्यात जीव ऱ्हात नाय. रिक्षात बसवत नाय तिला."

नीलेश गाडीच्या टायरकडे बघत राहिला.

जमना पुढे आली. डोक्यावरून पदर घेतला, बॉनेटवर उजवा हात ठेवला. धर्मेश दारात उभा होता, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. तिने सगळं सांगितलं. याच गाडीत माझ्या माणसाचा जीव घाबरा झाला, ही वाटेत थांबली, त्यांनीच थांबवली. ते संध्याकाळचे येतात, काच खाली करतात, त्रास देत नाहीत. "मी त्यांना आज निरोप देनार हाय. तरीबी आले तर रागावू नको, दोन शब्द बोल. म्हनून पन्नास हजार कमी लावलेत."

केदार जरा पांढरा पडला. मग म्हणाला, "माजी आय मेलेल्याला घाबरत नाय, मावशी. खड्ड्याला घाबरते." बायका हसल्या. त्याने खिशातून टोकनचं पाकीट काढलं. "किंमत रास्त हाय. कुटं तरी येवडं खरं सांगनारं मानूस भेटतं का आजकाल?"

"थांब," जमना म्हणाली. "नीलेश, तू पन हात ठेव. किंमत तू लावलीस."

बॉनेट उन्हाने तापलेलं होतं. नीलेशने हात ठेवला. नुसतं 'बरोबर आहे' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द, आणि गाडी वाणगावला गेली असती, जमना सुटली असती, धर्मेश जेवत राहिला असता. आणि एखाद्या संध्याकाळी बोईसरहून परतताना, दमट वाऱ्यात, त्या बाईला मागच्या सीटवर घेऊन गाडी उभी राहिली असती. ते त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्याने हात काढला नाही.

"गाडी पाण्यात बुडालेली आहे," तो म्हणाला.

कुणाला काही समजलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मुंबईचं तळघर, चार लाख, मनोरची शेड, कापूर. आवाज त्याचा त्यालाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. "वायरिंग गंजलेलं आहे. ओल धरली की काच खाली येते, दिवा लागतो. त्या दिवशी सकाळी हवा दमट होती. म्हणून बंद पडली. मला माहीत होतं. विकली तेव्हाही माहीत होतं."

केदारने पाकीट खिशात परत घातलं आणि गल्लीच्या तोंडाकडे निघाला. धर्मेश अंगावर धावून आला, त्याला बायकांनी दंडाला धरून मागे ओढलं. तो ओरडत होता, "मला वाटायचं मीच बंद पाडली! मला सांग, मी बंद पाडली व्हती काय!" जमनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गाडीच्या काचेकडे बघत होती.

"म्हंजे काच," ती म्हणाली, "ती वायर खाली करते?"

"हो, वयनी."

"वायपर पन?"

"हो."

"मंग यवढं दिस मी कोनाशी बोलत व्हते?"

नीलेश रडू लागला. आजूबाजूला माणसं होती, पण त्याचं त्याला भान नव्हतं. जमना रडली नाही. तिने गाडीचं दार उघडलं, डॅशबोर्डवरचा चष्मा काढून घेतला, पदराने पुसला आणि मुठीत धरला.

"गाडी मी परत घेतो," नीलेश कसाबसा म्हणाला. "साडेसात नाही, आठ नाही. वामनशेठनी दिलेले सगळे चौदा देतो. उद्याच देतो, वयनी. तेवढीच योग्य किंमत आहे."

जमना त्याच्याकडे वळली. आकडा तिने ऐकला होता, नीट ऐकला होता.

"त्यात ती वीस मिन्टं धरलीस का रे?" तिने विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. चष्मा हातात घेऊन ती उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.