तेजस्विनीचा मजेत असल्याचा निरोप

माह्या पोरीचं जहाज अकरा दिवसांपासून गप्प होतं. जहाज म्हणजे पाण्यातलं नाही बापा, अवकाशातलं. माही तेजस्विनी अन् आणखी दोघं, शनीच्याही पलीकडे, इतके दूर की इथून बोललेलं तिथं पोचाले तीन तास लागतात. शनीचं नाव काढलं तेव्हाच मी मारुतीले तेल वाहून आली होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून भंडाऱ्याच्या वाट्याले काही येत नाही म्हणून सगळे रडत होते, तं साकोलीले हे अवकाश केंद्र आलं. आलं तं माहीच पोट्टी घेऊन गेलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी अड्याळले घरीच हातमागावर बसली होती. केंद्राचे मोठे साहेब, केशवराव, त्यांचा फोन आला. "कुसुमताई, अभिनंदन! निरोप आला. ऐका."

अन् फोनमधून तेजू बोलली, "माय, मी मजेत आहे. जेवण वेळेवर होते. सोबतचे लोक लय चांगले आहेत. तू काळजी करू नको."

बस, एवढंच. पुढं नुसती खरखर.

शेजारची ललिताबाई साखर घेऊन धावतच आली अन् माह्या तोंडात कोंबली. मी ती तशीच थुंकली.

"काय झालं वो?"

"पोरगी संकटात आहे," मी म्हणलं.

तिले वाटलं, कुसुमचं डोस्कं सटकलं. आता तुमीच ऐका. माही तेजू जन्माची किरकिरी. नागपूरले होस्टेलात होती तं रोज फोन. वरण पाणचट आहे, खाटेत ढेकणं आहेत, खोलीतली पोट्टी घोरते. पाच वर्षांत एकच दिवस म्हणाली, "माय, मी मजेत आहे." मी उभ्या पायी एसटी धरून नागपूरले गेली, तं बाई दवाखान्यात, हाताले सलाईन, डेंग्यू! अन् फोनवर म्हणे, जेवण वेळेवर होते.

म्हणून यावेळीबी भेटली ती एसटी धरली अन् साकोलीले उतरली.

केंद्रात पेढे वाटून राहिले होते. केशवराव शिकलेला माणूस, इस्तरीचा सदरा, गोड बोलणं. त्यांनी मले खुर्ची देऊन समजावलं. निरोप आला म्हणजे जहाज चालू आहे, बिघाड किरकोळ असन. त्या बाजूनं दुसरं एक जहाज जाऊन राहिलं होतं, ते आमच्या लेकरांच्या शोधाले वळवाचं ठरलं होतं. आता गरज नाही, तं चार वाजता त्याले 'सरळ जा' म्हणून सांगतो. एकदा ते पुढं गेलं की मग वळवता येत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"वळवा त्याले," मी म्हणलं. "माही पोरगी अडकली आहे."

"अहो ताई, ती स्वतःच मजेत आहे म्हणते."

"म्हणूनच तं!"

"आमी तिचा आवाज यंत्रावर तपासला. घाबरलेला नाही."

"तुमच्या यंत्राले माय आहे का?"

सगळे फिदीफिदी हासले. मले असा राग आला! समोरचा पेढ्यांचा डबा उचलला अन् मांडीवर घेऊन बसली. म्हणलं, पोरगी सापडेपर्यंत कोणाले पेढा नाही. एकाच्या तोंडात अर्धा होता, तो तसाच थांबला. मी अर्धा तास तिथं भांडली. होस्टेल सांगतलं, डेंग्यू सांगतला, सलाईनची बाटली कोण्या हाताले होती तेबी सांगतलं. साहेब नुसते मान हालवत होते अन् घड्याळ पाहत होते.

शेवटी मी म्हणलं, "केशवराव, तुमाले माय आहे ना?"

"आहे ना. लाखांदूरले असते."

"तिले 'मी मजेत आहे' असं शेवटचं कधी म्हणलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मागच्या पोळ्याले," ते म्हणाले.

"कुठून?"

"दवाखान्यातून. ऑपरेशनले नेऊन राहिले होते. स्ट्रेचरवरून फोन केला होता."

आता कोणी हासलं नाही. केशवरावांनी माह्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं अन् समोरचं बटण दाबून म्हणाले, "ते जहाज वळवा. लगेच वळवा." चार वाजाले नऊ मिनिटं कमी होते.

मी केंद्रातच ठाण मांडून बसली. सहाव्या दिवशी ते जहाज आमच्या लेकरांपाशी पोचलं. इंजिन बंद, दिवे बंद, हवा दीड दिवसाची उरलेली. बॅटरी होती फक्त वीस सेकंद बोलाची, अन् माह्या शहाणीनं आधी मायले धीर दिला! संकट सांगाच्या आधीच बॅटरी मेली. एवढं मोठं जहाज चालवते, अन् एवढी अक्कल नाही? मले तिले झोडपावं वाटलं अन् कुरवाळावंबी वाटलं.

मग त्या दुसऱ्या जहाजावरून तिचं बोलणं आलं. चाळीस मिनिटं! इथला चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, अंथरूण टोचते, कॅप्टनले गाता येत नाही तरी गाते, अन् तुमी लोकांनी इतका उशीर काहून केला?

"कामाचं बोलणं शेवटी आहे," केशवराव म्हणाले. "हे गाऱ्हाणं पुढं सरकवू का?"

"हात लावाचा नाही."

मी सगळं ऐकलं. पदर ओला झाला, हासूबी येत होतं. मग मी स्वतःच उठून सगळ्यांले ताजे पेढे दिले.

साहेब म्हणाले, "ताई, आता तुमी बोला. एक मिनिट आहे."

मी त्या माईकपुढं उभी राहिली. सहा दिवस धड जेवली नव्हती, झोपली नव्हती, सकाळीच दोनदा चक्कर आली होती. पण एवढ्या दूर बसलेल्या लेकराले असं सांगतात का? मी घसा साफ केला अन् म्हणलं, "तेजू, इकडं सगळं ठीक आहे बाई. मी मजेत आहे. तू काळजी करू नको."

तीन तास जायाले, तीन तास यायाले. मी तिथंच बसून राहिली. सहा तासांनी यंत्र खरखरलं अन् तिचा आवाज आला.

"माय, काय झालं? खरं सांग."